अमीबोचा बॅकअप एनएफसी टॅगवर लिहिताना: कोऱ्या टॅगपासून स्विचवरच्या चाचणीपर्यंत

अमीबोची फाइल टॅगवर लिहिणं हे एकदाच होणारं काम आहे. पेन ड्राइव्हवर एक फाइल टाकली, नको वाटली, पुसून दुसरी टाकली, असं इथे चालत नाही. लिहून झालं की टॅगचा एक भाग कायमचा बंद होतो आणि त्यात मारिओ गेला असेल तर तो टॅग जन्मभर मारिओच राहतो. त्यामुळे या लेखात ‘राइट’ बटणाला जागा थोडी आहे आणि ते दाबण्याआधी काय पाहायचं याला जास्त.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१४ मध्ये अमीबो नावाच्या छोट्या फिगर बाजारात आणल्या. फिगरच्या गोल बेसमध्ये एनएफसी चिप असते, म्हणजे अगदी जवळ टेकवल्यावर बिनतारी वाचता-लिहिता येणारी चिप. तशीच चिप असलेली कोरी चकती, कार्ड किंवा स्टिकर म्हणजे या लेखातला ‘टॅग’. फिगर कन्सोलच्या, म्हणजे निन्टेन्डो स्विचसारख्या गेम खेळायच्या यंत्राच्या, ठरलेल्या जागी टेकवली की गेममध्ये काहीतरी मिळतं. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये दिवसातून एकदा सामानाची खैरात होते. ‘स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये तुम्ही शिकवून तयार केलेला लढवय्या त्या फिगरमध्येच साठवला जातो आणि पन्नासाव्या लेव्हलपर्यंत चढतो. भारतात निन्टेन्डोची अधिकृत विक्री नसल्यामुळे आपल्याकडे फिगर येतात त्या आयात माल विकणाऱ्या दुकानांतून, नाहीतर अमेरिका-दुबईहून येणाऱ्या एखाद्या मावशीच्या बॅगेतून. हरवली किंवा घरातल्या लहानग्याने बेस उचकटला, तर तीच फिगर त्याच किमतीत पुन्हा मिळेल याची खात्री नाही. बॅकअपची गरज इथूनच सुरू होते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा लेख स्वतःकडे असलेल्या फिगरच्या बॅकअपबद्दल आहे. असे टॅग वापरून कार्डं छापून विकायचा विचार असेल तर त्यात कॉपीराइट आणि ट्रेडमार्क दोन्हींची भानगड आहे, त्यात पडू नका.

चिपच्या आत काय असतं

अमीबोत एनएक्सपी कंपनीची एनटॅग२१५ ही चिप असते. तिची मेमरी १३५ पानांची, प्रत्येक पान ४ बाइटचं, म्हणजे एकूण ५४० बाइट. त्यातले ५०४ बाइट वापरण्यासाठी मोकळे असतात, बाकीचे चिपच्या ओळखीसाठी आणि सेटिंगसाठी. बॅकअपची फाइल म्हणजे ही १३५ पानं ओळीने उतरवून घेतलेली. म्हणून नीट घेतलेली फाइल बरोब्बर ५४० बाइटची असते. कधी ५३२ बाइटचीही दिसते. तिच्यात शेवटची दोन पानं, म्हणजे पासवर्डची आणि त्याच्या उत्तराची, घेतलेली नसतात. ती फाइलही चालते, कारण ही दोन पानं तशीही प्रत्येक टॅगसाठी नव्याने तयार करावी लागतात.

पानांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. पहिल्या तीन पानांत चिपचा सात बाइटचा क्रमांक असतो. यालाच यूआयडी म्हणतात. तो कारखान्यात कोरला जातो आणि बदलता येत नाही. एनएक्सपीच्या चिपमध्ये त्याचा पहिला बाइट नेहमी ०४ असतो. पान १३ ते ३१ या भागात फिगरची ओळख, तिची सही (माहिती अस्सल असल्याची कन्सोलला पटवणारी खूण) आणि सांकेतिकीकरणासाठी लागणारा एक यादृच्छिक आकड्यांचा संच असतो. उरलेल्या मोठ्या भागात मालकाचं नाव, टोपणनाव आणि गेमने साठवलेली माहिती. या गेमच्या माहितीला २१६ बाइट मिळतात आणि एका वेळी एकाच गेमला. दुसऱ्या गेमला तिथे काही साठवायचं असेल तर पहिल्याची माहिती आधी पुसावी लागते.

लिहिण्याच्या शेवटच्या टप्प्यात कुलूप लागतं ते पान १३ ते ३१ यांना. मालकाचं नाव आणि गेमची माहिती असलेली पानं उघडी राहतात, नाहीतर स्मॅशचा लढवय्या काही शिकूच शकला नसता. पण या उघड्या पानांवरही पासवर्डशिवाय लिहिता येत नाही. वाचायला मात्र पासवर्ड लागत नाही, म्हणून कोणतीही अमीबो फोनवर सहज उतरवता येते.

जशीच्या तशी कॉपी का चालत नाही

मूळ फिगरची ५४० बाइट कोऱ्या टॅगवर ओतली तर कन्सोल ती नाकारतो. फिगरमधली माहिती सांकेतिक केलेली असते आणि तिच्यावर दोन सह्या असतात. सांकेतिकीकरणाची किल्ली काढताना त्या चिपचा यूआयडी वापरलेला असतो. तुमच्या कोऱ्या टॅगचा यूआयडी वेगळा, म्हणून किल्ली वेगळी आणि सहीही वेगळी. पासवर्डचंही तसंच, तोही यूआयडीवरूनच निघतो.

त्यामुळे अ‍ॅप प्रत्यक्षात करतं ते असं: फाइल उलगडतं, जुना यूआयडी काढून तुमच्या टॅगचा घालतं, सगळं पुन्हा सांकेतिक करतं, नव्या सह्या करतं आणि मग टॅगवर उतरवतं. कन्सोलच्या लेखी तयार होते ती त्याच पात्राची दुसरी, स्वतंत्र फिगर. मूळ फिगर आणि टॅग यांचं पुढे एकमेकांशी काही नातं राहत नाही. टॅगवरचा लढवय्या वीस लढाया जिंकून आला तरी मूळ फिगरमधल्याला त्याचा पत्ता नसतो.

हे उलगडणं-गुंडाळणं करायला निन्टेन्डोच्या दोन मूळ किल्ल्या लागतात, प्रत्येकी ८० बाइटच्या. दोन्ही एकत्र असलेली १६० बाइटची फाइलही फिरत असते. त्या निन्टेन्डोच्या मालकीच्या असल्यामुळे अ‍ॅपबरोबर मिळत नाहीत, वापरणाऱ्याला वेगळ्या द्याव्या लागतात. मीही त्या इथे देणार नाही.

टॅग विकत घेताना

एनटॅग२१५ घ्या. २१३ नको, २१६ही नको. २१३ मध्ये वापरायला १४४ बाइटच असतात, तिथे अमीबो मावतच नाही. २१६ मध्ये ८८८ बाइट असल्यामुळे लोकांना वाटतं मोठं घेतलेलं बरं, पण कुलपाची आणि पासवर्डची पानं त्यात वेगळ्या जागी असतात आणि ते अमीबो म्हणून चालत नाही. ऑनलाइन दुकानात ‘एनएफसी टॅग, सर्व फोनला चालणारे’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुढे सरका. चिपचा क्रमांक स्पष्ट लिहिलेला हवा. लिहिलेला असूनही पाकिटात २१३ निघण्याचे प्रकार होतात, म्हणून माल आला की सगळ्यांत आधी एक टॅग तपासायचा.

त्यासाठी एनएक्सपीचं ‘टॅगइन्फो’ अ‍ॅप चांगलं. टॅग फोनच्या मागे टेकवा. चिपचं नाव एनटॅग२१५ आणि एकूण मेमरी ५४० बाइट दिसली पाहिजे. शिवाय तो कोरा आहे ना, आधीच कुलूप लागलेला नाही ना, हेही तिथेच कळतं. तपासताना ‘लॉक टॅग’ किंवा ‘पासवर्ड सेट करा’ असे पर्याय असलेली सर्वसाधारण एनएफसी अ‍ॅप्स वापरत असाल तर त्या मेनूत उगाच बोटं घालू नका. टॅग तिथेच वाया जातो.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे: २५ मिलिमीटरची गोल चकती. स्विचच्या जॉय-कॉन या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरमधला अँटेना लहान असतो, ही चकती त्याच्यावर व्यवस्थित बसते. एटीएम कार्डाच्या आकाराचे पांढरे टॅग दिसायला छान, वर चित्र चिकटवून ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ गेममधल्या प्राण्यांची कार्डं बनवायला सोयीचे, पण कार्डातली नेमकी जागा शोधत बसावं लागतं. पातळ स्टिकर स्वस्त असतात. ते धातूवर चिकटवले की मेले. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर लावलेला स्टिकर तिथून कधीच वाचला जाणार नाही. डब्यात साठवायला हरकत नाही, वापरताना बाहेर काढला की झालं.

फोन आणि अ‍ॅप

फोनमध्ये एनएफसी हवं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कमी किमतीच्या अँड्रॉइड फोनमध्ये ते नसतं. सेटिंगमध्ये ‘एनएफसी’ असं शोधा. पर्यायच आला नाही तर फोनमध्ये ते नाही. फोनच्या मागे मॅग्नेटची रिंग, किंवा गाडीच्या होल्डरसाठी कव्हरमध्ये सरकवलेली धातूची पट्टी असेल तर कव्हर काढा. अर्ध्या तक्रारींचं मूळ ती पट्टी असते.

अँड्रॉइडवर सगळ्यांत जास्त वापरलं जातं ते टॅगमो, मुक्त स्रोत असलेलं. पुढच्या पायऱ्या त्याच्या हिशेबाने लिहिल्या आहेत. त्याच्या आवृत्त्यांमध्ये बटणांची नावं आणि जागा बदलत आल्या आहेत, तेव्हा नावापेक्षा ते बटण काय करतं इकडे लक्ष द्या. आयफोन असेल तर आयफोन ७ किंवा त्यानंतरचा आणि आयओएस १३ किंवा पुढची आवृत्ती लागते. त्याआधी अ‍ॅपना असे टॅग लिहिण्याची परवानगीच नव्हती. संगणकावरून करायचं तर एसीआर१२२यू सारखा यूएसबी रीडर आणि फाइल उलगडून पाहायला अमीटूल हे कमांडवर चालणारं साधन. एखाद-दुसऱ्या टॅगसाठी हा खटाटोप करू नका, फोन पुरेसा आहे.

पहिलं काम: स्वतःच्या फिगरचा बॅकअप

टॅगमो उघडा, किल्ल्यांची फाइल सेटिंगमधून आत घ्या. किल्ल्या बरोबर असतील तर अ‍ॅप तसं सांगतं. मग ‘स्कॅन’ किंवा ‘बॅकअप’ निवडून फिगरचा बेस फोनच्या मागे लावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये एनएफसीची जागा मागे वरच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या आसपास असते, काहींमध्ये पाठीच्या मध्यभागी. आयफोनमध्ये अगदी वरच्या कडेला. जागा सापडली की फोन टेबलावर पालथा ठेवा आणि फिगर त्याच्यावर उभी करा. दोन्ही हातांत दोन्ही धरून केलं की हात हलतो.

वाचून झाल्यावर पडद्यावर पात्राचं नाव आणि चित्र येतं. फाइल सेव्ह करताना नावाची शिस्त आत्ताच लावा: पात्र, मालिका, तारीख. ‘लिंक’ नावाच्या फिगर बऱ्याच आहेत आणि वेगवेगळ्या लिंक गेममध्ये वेगवेगळ्या वस्तू देतात. नुसतं ‘लिंक-नवीन-फायनल’ लिहून ठेवलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही. तारीख लागते ती गेमच्या माहितीसाठी. पंधराव्या लेव्हलचा आणि पन्नासाव्या लेव्हलचा लढवय्या, दोन्ही फाइली ५४० बाइटच्याच, बाहेरून काही फरक दिसत नाही.

फाइल खरंच ठीक आहे का हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर ‘हेक्स’ दृश्य उघडा, त्यात फाइलमधला प्रत्येक बाइट दोन अंक-अक्षरांत दिसतो. सुरुवात ०४ ने. तेराव्या बाइटपासून पुढचे चार: एफ१, १०, एफएफ, ईई. लगेच त्यांच्या पुढे ए५. त्यानंतरच्या दोन बाइटमध्ये मोजणी असते, कन्सोलने फिगरवर लिहिलं की ती वाढते. मग ८४ क्रमांकापासून आठ बाइट म्हणजे पात्राची ओळख (इथे क्रमांक शून्यापासून मोजायचे, मघाच्या तेराव्या बाइटसारखे एकापासून नव्हेत). स्मॅश मालिकेतल्या मारिओच्या फाइलमध्ये इथे सलग शून्यं आणि शेवटी ०२ दिसतं. ही ओळख सांकेतिक नसते, किल्ल्यांशिवायही वाचता येते. एवढं जुळलं की फाइलचं नाव चुकलं असलं तरी आत कोण आहे याची खात्री होते.

फाइलची एक प्रत फोनबाहेर ठेवा. आणि कुणाला देण्याआधी लक्षात असू द्या की मालकाच्या ‘मी’चं (Mii, कन्सोलवर बनवलेलं मालकाचं कार्टून पात्र) नाव आणि फिगरचं टोपणनाव त्या फाइलबरोबर जातं. मुलांनी तिथे खरं नाव टाकलेलं असतं.

मुख्य काम: कोऱ्या टॅगवर लिहिणं

फाइल अ‍ॅपमध्ये ‘लोड’ करा. पडद्यावर पात्र दिसतंय ना, आणि तेच हवंय ना, ते पाहा. फोनची बॅटरी सेव्हर बंद, येणाऱ्या फोनसाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू. व्हायब्रेशनने फोन टेबलावर सरकतो, टॅग जागेवरून हलतो आणि लिहिणं अर्धवट राहतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण होतं असंच.

आता कोरा टॅग फोनच्या पाठीवर ठेवा आणि ‘राइट’ दाबा. ‘ऑटो’ आणि ‘रॉ’ असे दोन पर्याय दिसले तर ऑटो. यूआयडी बदलून नव्याने सही करण्याचं काम ऑटोमध्ये होतं. लिहायला काही सेकंदच लागतात, पण तेवढ्या वेळात श्वाससुद्धा जपून घ्या.

क्रम असा असतो: आधी माहितीची पानं, मग पासवर्ड, सगळ्यांत शेवटी कुलपं. हा क्रम माहीत असला की बिघाड झाल्यावर घाबरायला होत नाही. माहिती लिहिताना मध्येच तुटलं तर अजून काही बंद झालेलं नसतं. टॅग न हलवता तीच फाइल पुन्हा लिहा, बहुतेक वेळा काम होतं. त्यासाठी दुसरी फाइल घेऊ नका. कुलपं लागून गेली असतील तर मात्र अ‍ॅप टॅग कोरा नसल्याचं सांगेल. तेव्हा ‘पुन्हा लिहा’चा नाद सोडून टॅग वाचून पाहा. पुष्कळदा सगळं नीट लिहिलं गेलेलं असतं, फक्त शेवटचा ‘झालं’ हा निरोप फोनपर्यंत पोचलेला नसतो.

लिहिलेल्या टॅगशी दुसऱ्या एनएफसी अ‍ॅपने खेळू नका. चिपमध्ये चुकीच्या पासवर्डची मोजणी चालू असते. सात वेळा चुकला की पासवर्डचा दरवाजा कायमचा बंद. मग टॅग वाचता येतो, गेमला त्यात काही साठवता येत नाही.

झाल्या झाल्या बारीक टोकाच्या मार्करने चकतीवर नाव लिहा. सगळ्या पांढऱ्या चकत्या सारख्याच दिसतात, आणि दहा चकत्या झाल्यावर प्रत्येक वेळी फोनने ओळख पटवत बसणं कंटाळवाणं होतं.

कन्सोलवर तपासणी

थेट गेममध्ये जाऊ नका. स्विचच्या सिस्टिम सेटिंगमध्ये अमीबोचा विभाग आहे, तिथे मालक आणि टोपणनाव नोंदवण्याचा पर्याय उघडा आणि टॅग लावा. लावायची जागा: उजव्या जॉय-कॉनची स्टिक, स्विच लाइटवरही उजवी स्टिक, आणि प्रो कंट्रोलरवर मधल्या निन्टेन्डोच्या लोगोपाशी. टॅग स्टिकवर चपटा टेकवून क्षणभर थांबा, घासू नका. बॅकअपमधलं जुनं टोपणनाव दिसलं म्हणजे वाचन आणि सही दोन्ही ठीक. टोपणनाव बदलून सेव्ह केलं आणि तेही झालं, म्हणजे लिहिण्याची वाटही मोकळी आहे. ही दुसरी चाचणी लोक टाळतात आणि मग स्मॅशमध्ये लढवय्या सेव्ह होत नाही म्हणून डोकं धरतात.

कन्सोलला टॅग दिसतच नसेल तर आधी जागा आणि धातू तपासा. दिसतो पण अमीबो नाही असं म्हणत असेल तर तो रॉ पद्धतीने लिहिला गेला असेल किंवा चिप २१५ नसेल. सेटिंगमध्ये चालतो आणि एखाद्याच गेममध्ये नाही, तर तो गेम त्या पात्राला पाठिंबा देत नसेल. टॅगचा दोष नाही. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये तर अमीबोचा वापर गेमच्या पर्यायांमध्ये आधी चालू करावा लागतो.

जुनी स्थिती परत आणायची असेल तर

स्मॅशमध्ये मनासारखा तयार झालेला लढवय्या कुणा पाहुण्याच्या पोराने चार लढायांत बिघडवला, असं झालं की ‘रिस्टोअर’ कामाला येतं. राइट कोऱ्या टॅगसाठी, रिस्टोअर आधीच लिहिलेल्या टॅगसाठी किंवा खऱ्या फिगरसाठी. रिस्टोअर कुलूप लागलेल्या पानांना हात लावत नाही, फक्त उघड्या पानांत जुन्या फाइलमधली माहिती भरतं. म्हणून फाइल त्याच टॅगवरून घेतलेली असावी लागते, यूआयडी जुळला पाहिजे. याचा अर्थ टॅग तयार झाल्यावर त्याचाही स्वतंत्र बॅकअप हवा. मूळ फिगरची फाइल टॅगच्या रिस्टोअरला थेट उपयोगी नाही, आणि टॅगची फाइल फिगरला नाही.

खऱ्या फिगरवर रिस्टोअर करण्याआधी तिची आत्ताची स्थिती आधी उतरवून घ्या, बिघडलेली का असेना. रिस्टोअर केल्यावर ती परत मिळत नाही.

ज्यांच्याकडे वीस-पंचवीस फिगर आहेत त्यांनी चकत्यांऐवजी पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या उपकरणाचा विचार करावा. ब्लूटूथने फोनला जोडले जाणारे छोटे एम्युलेटर, म्हणजे टॅगची नक्कल करणारी उपकरणं, मिळतात, आणि ज्यांच्याकडे फ्लिपर झिरो (एनएफसीही हाताळणारं हातात मावणारं उपकरण) आहे त्यांना तेही वापरता येतं. त्यांत कुलूप वगैरे काही नसतं, पात्र हवं तेव्हा बदलता येतं. पण मुलांच्या हातात द्यायला चकतीच बरी. हरवली तर नवा टॅग घ्यायचा आणि फाइल पुन्हा लिहायची.